कोळसा, जमीन आणि घराणे : टागोरांच्या पेढीविषयी एक वाद

द्वारकानाथ टागोर (१७९४–१८४६) यांनी १८३४ साली विल्यम कार या इंग्रज व्यापाऱ्याच्या भागीदारीत कलकत्त्यात काढलेली ‘कार, टागोर आणि कंपनी’ ही पेढी नीळ, साखर, रेशीम अशा अनेक मालांत गुंतलेली होती. तथापि हिंदुस्थानच्या औद्योगिक इतिहासात तिची नोंद राहिली ती मुख्यतः राणीगंजच्या कोळशामुळे. जोरासांकोच्या या घराण्याचे नाव घेताच मराठी वाचकाला रवींद्रनाथांचे काव्य आठवते, मुंबई इलाख्यात सनदी सेवेत असलेले सत्येंद्रनाथ आठवतात, क्वचित लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चे बंगाली भाषांतर करणारे ज्योतिरिंद्रनाथही आठवतात, परंतु याच घराण्याची एक पिढी खाणी, नावा, घाट आणि कोळशाच्या वखारी यांच्या हिशेबात गढलेली होती, याकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ही पेढी १८४८ च्या आरंभी बुडाली. ती का बुडाली, आणि ती घराण्याची पेढी होती असे म्हणता येते काय, या दोन प्रश्नांवर परस्परविरोधी मते संभवतात. शास्त्रग्रंथांत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण बळाने मांडून मगच त्याला उत्तर देण्याची जी जुनी शिस्त आहे, तिला अनुसरून ती मते येथे संवादरूपाने दिली आहेत. पूर्वपक्ष अपयशाचे मूळ घराण्यात शोधतो, तर उत्तरपक्ष ते तत्कालीन पतव्यवस्थेत शोधतो.

पूर्वपक्ष : द्वारकानाथांना हिंदी कोळसा उद्योगाचे जनक म्हणण्याची जी रीत पडली आहे, तिला आधार नाही. राणीगंजच्या परिसरात कोळसा काढण्याचा परवाना सम्नर आणि हीटली या दोघा इंग्रजांना १७७४ सालीच मिळाला होता. १८१५ च्या सुमारास जोन्स नावाच्या इंग्रजाने तेथे पुन्हा खोदकाम आरंभले, आणि त्याच्यामागून ती खाण अलेक्झांडर आणि कंपनी या एजन्सी हाऊसच्या ताब्यात गेली. एजन्सी हाऊस म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या ठेवी स्वीकारून त्यांच्या बळावर नीळ, अफू, जहाजे आणि सावकारी असे सर्व व्यवहार एकाच छपराखाली करणारी युरोपीय पेढी. १८३० ते १८३४ या काळात अशा पेढ्या एकामागून एक कोसळल्या; अलेक्झांडर आणि कंपनीचे दिवाळे १८३२ मध्ये वाजले, आणि तिच्या मालमत्तेतील राणीगंजची खाण द्वारकानाथांनी १८३६ साली सत्तर हजार रुपयांना घेतली. दुसऱ्याने खोदलेली आणि तिसऱ्याच्या दिवाळ्यातून स्वस्तात मिळालेली खाण घेणारा मनुष्य चतुर खरेदीदार ठरेल. त्याला उद्योगाचा संस्थापक म्हणणे हे अतिशयोक्तीचे होईल.

उत्तरपक्ष : खाण कोणी खोदली याची नोंद आपण अचूक दिलीत, परंतु कोळशाच्या व्यापारात खोदणे हा त्यातल्या त्यात सोपा भाग असतो, हे आपल्या विवेचनातून निसटले आहे. राणीगंजचा थर भूपृष्ठापासून फार खोल नव्हता. खरी अडचण होती ती तो जड आणि स्वस्त माल कलकत्त्यापर्यंत नेण्याची, आणि नेल्यावर तो सतत विकत घेणारे गिऱ्हाईक निर्माण करण्याची. आधीच्या मालकांना या दोन्ही गोष्टी जमल्या नाहीत. द्वारकानाथांना त्या जमल्या. व्यापारी म्हणून त्यांचे मोल ठरवायचे ते येथे.

या वाहतुकीचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण पेढीच्या नफ्यातोट्याचे रहस्य बव्हंशी त्यातच दडलेले आहे. राणीगंज दामोदर नदीच्या काठी आहे, आणि दामोदर ही छोटा नागपूरच्या पठारावरून उतरणारी, उन्हाळ्यात वाळूतून जेमतेम वाहणारी आणि पावसाळ्यात अकस्मात फुगणारी नदी आहे. कोळसा वर्षभर खणला जाई, घाटावर ढिगांनी रचून ठेवला जाई, आणि पुराचे पाणी चढले की मिळतील तेवढ्या नावा भरून तो खाली आमता या गावापर्यंत सोडला जाई. पूर ओसरला की नावांचे तळ वाळूला लागत, म्हणून भरणे, सोडणे आणि रिकाम्या नावा परत आणणे हे सारे काम पुराच्या मोजक्या दिवसांत उरकावे लागे. आमत्याला भरती-ओहोटीचे पाणी पोहोचत असल्यामुळे तेथील वखारीतून पुढे कलकत्त्यापर्यंत बाराही महिने माल नेता येत असे. याचा अर्थ असा की खाणीतील मजुरी आज दिली तरी तिचे पैसे पावसाळा येऊन, नाव सुखरूप पोहोचून, वखारीतून माल उचलला जाईपर्यंत अडकून पडत; मधल्या काळात उघड्यावर पडलेला कोळसा उन्हापावसाने भुगा होई, काही वाटेत बुडे, काही चोरीस जाई. पावसाळा हुकला की वर्ष हुकले. ज्याच्यापाशी दीर्घकाळ अडकवून ठेवता येईल असे भांडवल किंवा तेवढी पत नाही, त्याला या धंद्यात उभे राहणेच शक्य नव्हते.

उत्तरपक्ष : गिऱ्हाइकाच्या बाबतीत तर द्वारकानाथांची दृष्टी अधिकच स्पष्ट दिसते. हुगळी नदीतून शिडाची जहाजे समुद्रापर्यंत ओढून नेणाऱ्या आगबोटींसाठी त्यांच्या पेढीने कलकत्ता स्टीम टग असोसिएशन उभी केली. टग म्हणजे मोठे जहाज ओढणारी लहान, दणकट आगबोट. या आगबोटी पेढीच्याच खाणीतला कोळसा जाळत. गंगेवरील सरकारी आगबोटींनाही राणीगंजचाच कोळसा लागे. १८४२ मध्ये द्वारकानाथ इंग्लंडला निघाले तेव्हा सुएझपर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतःच्या ‘इंडिया’ या आगबोटीने केला. माल, तो वाहणारे साधन आणि तो जाळणारे यंत्र या तिन्ही गोष्टी एका हाती आणण्याची ही कल्पना त्या काळी हिंदुस्थानात असामान्यच म्हणावी लागेल.

पूर्वपक्ष : आपण ज्याला दृष्टी म्हणता, त्याला गिऱ्हाईक मक्तेदारी म्हणत असे. सरकारला राणीगंजच्या कोळशावर विसंबून राहणे इतके गैरसोयीचे वाटले की देशात अन्यत्र कोळसा कोठे सापडतो हे शोधण्यासाठी त्याने १८३६ मध्ये स्वतंत्र समिती नेमली. पुढे नारायणकुडीच्या घाटाजवळ खाण चालवणारी गिलमोर, हॉम्फ्रे आणि कंपनी ही प्रतिस्पर्धी पेढी स्पर्धेत उतरली, तेव्हा घाट आणि नावा यांवरून उभय पक्षांत चुरस लागली. आणि ती मिटली कशी, तर १८४३ साली दोघांनी आपल्या खाणी एकत्र करून बंगाल कोल कंपनी स्थापन केली. स्पर्धक हरला नाही, की अधिक चांगला माल देणारा जिंकला नाही. दोघांनी मिळून बाजार वाटून घेतला.

उत्तरपक्ष : ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र तीच घटना दुसऱ्या बाजूनेही पाहावी लागते. बंगाल कोल कंपनी ही संयुक्त भांडवली कंपनी होती, म्हणजे तिचे भांडवल समभागांत विभागलेले होते आणि एखादा भागधारक मेला किंवा बुडाला तरी खाणीचे काम थांबण्याचे कारण नव्हते. याच सुमारास पेढीने कलकत्त्यापासून कोळसा क्षेत्रापर्यंत लोहमार्ग बांधला जाणार असेल तर त्याच्या भांडवलाचा एक तृतीयांश वाटा उभा करून देण्याची तयारी दाखवली. दामोदरच्या पुरावर अवलंबून राहण्यातला धोका कोणाला समजला असेल तर तो या पेढीला समजला होता. केवळ मक्तेदारीच्या लोभाने वागणारा व्यापारी नदीचा घाट आपल्या हाती असताना रेल्वे मागत नाही, कारण रेल्वे आली की ज्याच्यापाशी घाट नाही तोही माल पाठवू शकतो.

या ठिकाणी प्रस्तुत लेखकाला दोन्ही पक्षांनी सोडलेल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. कोळसा जमिनीखाली असतो, परंतु तो खणणारी माणसे जमिनीवर राहतात. आणि कायम जमाबंदीच्या बंगालमध्ये, म्हणजे १७९३ पासून सारा कायमचा ठरवून जमीनदाराला मालक मानणाऱ्या प्रदेशात, ज्याच्याकडे जमीनदारी हक्क त्याचाच त्या माणसांवर अधिकार चाले. राणीगंजच्या खाणींत बाउरी आणि संथाळ स्त्री-पुरुष काम करीत. शेतीच्या हंगामात ते शेताकडे वळत, आणि खाण ओस पडे. बंगाल कोल कंपनीने पुढे खाणींभोवतालच्या गावांचे जमीनदारी हक्क विकत घेतले, ते केवळ खनिजासाठी नव्हे, तर कुळाला खाणीत उतरण्यास भाग पाडता यावे म्हणूनही. द्वारकानाथ स्वतः कठोर जमीनदार म्हणून ओळखले जात. तेव्हा या पेढीचा कोळसा स्वस्त पडला असेल तर त्याचे श्रेय व्यापारी बुद्धीला जितके, तितकेच जमीनदाराच्या सत्तेलाही द्यावे लागते. आणि इतिहासकार द्वारकानाथांच्या मेजवान्यांवर जेवढी पाने खर्च करतात, त्याच्या तुलनेत या खाणकामगारांच्या वाट्याला जे येते ते लाजिरवाणे आहे.

पूर्वपक्ष : जमिनीचा विषय निघालाच आहे, तर मूळ मुद्द्याकडे येता येईल. टागोर घराण्याची खरी मिळकत जमीन हीच होती, व्यापार नव्हे. आणि हे द्वारकानाथांइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हते. १८४० मध्ये त्यांनी एक विश्वस्तपत्र केले, म्हणजे काही मालमत्ता स्वतःच्या नावावरून काढून वारसांच्या हितासाठी विश्वस्तांच्या स्वाधीन केली. बिराहिमपूर, शहाजादपूर यांसारख्या जमीनदाऱ्या त्यांनी अशा रीतीने व्यापारातील देण्यांच्या आवाक्याबाहेर ठेवल्या. पेढी ऐन भरात असताना, रेल्वेच्या आणि आगबोटींच्या योजना आखणारा मनुष्य घरच्यांसाठी मात्र जमीन बाजूला काढून ठेवतो, याचा अर्थ उघड आहे. कोळशाचा धंदा त्याच्या स्वतःच्या महत्त्वाकांक्षेचा होता. घराण्याचा धंदा व्हावा अशी त्याची अपेक्षाही नव्हती. थोरले पुत्र देवेंद्रनाथ त्याच्या आदल्याच वर्षी तत्त्वबोधिनी सभा स्थापन करून उपनिषदांकडे वळले होते. ज्या घरात बाप खाणीचा विचार करतो आणि मुलगा ब्रह्माचा, त्या घराची पेढी बापामागे टिकणार कशी?

उत्तरपक्ष : विश्वस्तपत्राचा आपण लावलेला अर्थ चमकदार आहे, पण तो त्या काळच्या कायद्याकडे पाठ फिरवून लावलेला आहे. हिंदुस्थानात मर्यादित दायित्वाचा कायदा, म्हणजे भागधारकाची जबाबदारी त्याने गुंतवलेल्या रकमेपुरतीच मानणारा कायदा, १८५७ मध्ये आला, आणि बँकांना तर तो तेव्हाही लागू नव्हता. त्यापूर्वी पेढीचा भागीदार पेढीच्या देण्याला आपल्या अंगावरील शालीपर्यंत जबाबदार असे. अशा स्थितीत विचारी व्यापाऱ्यापाशी एकच मार्ग उरत होता, तो म्हणजे कायद्याने न दिलेली मर्यादा विश्वस्तपत्राने स्वतः घालून घेणे. द्वारकानाथांनी तेच केले. यात व्यापाराविषयी अनास्था दिसत नाही. उलट व्यापार दीर्घकाळ करायचा असेल तर धोका कोठे थांबवावा याचे भान दिसते. इंग्लंडमधील कोळसा व्यापाऱ्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्यांच्या बाबतीत आपण पुत्रांच्या आध्यात्मिक कलाची चौकशी करीत नाही. शिवाय मधले पुत्र गिरींद्रनाथ व्यवहारात कुशल होते आणि वडिलांच्या पश्चात पेढीचा कारभार तेच पाहत होते, हेही विसरून चालणार नाही.

द्वारकानाथांचा मृत्यू १ ऑगस्ट १८४६ रोजी लंडनमध्ये झाला. पेढीतील त्यांचा निम्मा हिस्सा मृत्युपत्रान्वये देवेंद्रनाथांकडे आला आणि त्यांनी तो दोन्ही भावांबरोबर समान वाटून घेतला, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. त्यानंतर दीड वर्षाच्या आतच संकट आले, आणि ते कोळशाच्या बाजूने आले नाही. १८२९ मध्ये स्थापन झालेल्या युनियन बँकेच्या मागे द्वारकानाथांचाच मुख्य पुढाकार होता. या बँकेने निळीच्या कारखान्यांना न आलेल्या पिकाच्या भरवशावर अतोनात कर्जे दिली होती, आणि १८४७ च्या लंडनमधील व्यापारी अरिष्टात नीळ घेणाऱ्या पेढ्याच बुडाल्यामुळे ती कर्जे वसूल होईनाशी झाली. बँक कोसळली, आणि तिच्याशी जखडलेली कार, टागोर आणि कंपनीही कोसळली. देवेंद्रनाथांनी दिलेल्या आकड्यांनुसार पेढीचे देणे एक कोट रुपये होते, येणे सत्तर लाख होते, आणि तीस लाखांची तूट होती.

पूर्वपक्ष : मग देवेंद्रनाथांनी काय केले, तेही सांगावे. धनकोंच्या सभेत त्यांनी विश्वस्तपत्राने सुरक्षित असलेल्या जमीनदाऱ्याही आपण होऊन पुढे ठेवल्या. धनको इतके हेलावले की त्यांनीच कुटुंबाच्या खर्चासाठी वर्षाला पंचवीस हजार रुपये नेमून दिले. हे वर्तन थोर आहे, पितृऋण मानणाऱ्या पुत्राला शोभणारे आहे. पण ते व्यापाऱ्याचे वर्तन नव्हे. व्यापाऱ्याने धनकोंशी तडजोड केली असती, खाणीचे समभाग राखले असते आणि दोन वर्षांनी पुन्हा दुकान मांडले असते. देवेंद्रनाथांनी जमीनजुमला सांभाळला, वर्षानुवर्षे देणी फेडली, राहणीतील ऐश्वर्य कमी केले, आणि व्यापाराचे दार मात्र कायमचे लावून टाकले. उत्तरपक्षाने पतव्यवस्थेला कितीही दोष दिला, तरी हे दार आतून लावले गेले होते.

उत्तरपक्ष : आपला हा मुद्दा सर्वांत सबळ आहे, आणि त्यातील निम्मा भाग मान्य करावाच लागेल. परंतु समभाग राखणे त्यांच्या हाती होते काय? अमर्यादित दायित्वामुळे निळीचा तोटा आणि कोळशाचे मोल एकाच खात्यात पडत होते. जो धंदा बुडत नव्हता तोच सहज विकला जाण्याजोगा असल्यामुळे धनकोंचे लक्ष आधी त्याच्याकडेच जाणार होते. परिणाम पाहावा. विश्वस्तपत्राने वेगळी काढलेली जमीन शेवटी घराण्याकडे राहिली; ती इतकी पक्की राहिली की चाळीस वर्षांनी रवींद्रनाथ शिलाइदह आणि शहाजादपूर येथे त्याच जमीनदाऱ्यांचा कारभार पाहत होते. वेगळा न काढलेला कोळसा गेला. दोन्ही मालमत्तांचे मालक तेच, पुत्र तेच, त्यांची धर्मनिष्ठाही तीच. फरक होता तो फक्त कायदेशीर कुंपणाचा. द्वारकानाथांनी खाणीभोवतीही तसे कुंपण घातले असते तर आपला सिद्धांत कशावर उभा राहिला असता?

पूर्वपक्ष : पण त्यांनी ते घातले नाही, आणि जमिनीभोवती घातले. निवड त्यांचीच होती.

प्रस्तुत लेखकाच्या मते वादाचा निर्णय येथे बराचसा होतो, आणि तो कोणा एका पक्षाच्या बाजूने पूर्णतः होत नाही. कोळशाचा धंदा बुडाला नाही, ही गोष्ट आधी ठामपणे मांडली पाहिजे, कारण ‘टागोरांची पेढी बुडाली’ या सरसकट वाक्यात ती हरवते. बंगाल कोल कंपनी टिकली, राणीगंज क्षेत्रातील सर्वांत मोठी उत्पादक बनली, कालांतराने अँड्र्यू यूल या ब्रिटिश व्यवस्थापन संस्थेच्या छत्राखाली गेली, आणि १९७३ च्या राष्ट्रीयीकरणापर्यंत चालू राहिली. ज्या लोहमार्गासाठी पेढीने भांडवल देऊ केले होते तो फेब्रुवारी १८५५ मध्ये हावड्याहून राणीगंजपर्यंत पोहोचला. दामोदरच्या पुराची सक्ती संपली आणि कोळशाच्या धंद्याला खरी बरकत आली, परंतु टागोर त्या धंद्यातून सात वर्षांपूर्वीच बाहेर पडलेले होते. घराण्याने गमावला तो भरभराटीच्या उंबरठ्यावर आलेला धंदा. आणि तो गमावण्याचे कारण असे की द्वारकानाथांच्या मनात जमीन ही घराण्याची आणि व्यापार हा आपला, अशी विभागणी होती. ती विभागणी त्यांनी कागदावर उतरवली, आणि कायद्याने ती शब्दशः अमलात आणली.

पूर्वपक्ष : आणखी एक पुरावा पाहावा. पेढीची कागदपत्रे पुढे घरातच, रवींद्रनाथांच्या सांगण्यावरून जाळली गेली, अशी नोंद त्याच कुटुंबातील क्षितींद्रनाथांनी करून ठेवली आहे. ज्या घराण्याला आपला व्यापार आपला वाटतो ते त्याच्या वह्या जाळत नाही.

उत्तरपक्ष : हा आघात सोसावाच लागेल, कारण त्या वह्यांअभावी राणीगंजच्या एका पावसाळ्यात किती नावा सुटल्या, नावाड्यांना आगाऊ रक्कम किती दिली, बाउरी मजुराच्या हाती काय पडले, हे टागोरांच्या बाजूने कधीच कळणार नाही, सरकारी दप्तर आणि प्रतिस्पर्ध्यांच्या तक्रारी यांवरच विसंबावे लागेल. मात्र याच घराण्यातील ज्योतिरिंद्रनाथांनी १८८४ च्या सुमारास खुलना ते बारिसाल या जलमार्गावर स्वतःच्या आगबोटी सुरू केल्या आणि फ्लोटिला या ब्रिटिश कंपनीशी भाड्याच्या स्पर्धेत ते सर्वस्व गमावून बसले, ही गोष्टही त्याच पुराव्यात धरावी. व्यापाराची ओढ या घरात आटली असती तर हे साहस घडते ना. त्यांना अपयश आले याचे कारण शोधताना आजोबांच्या ताळेबंदाशी तुलना करून पाहावी : द्वारकानाथांच्या आगबोटीमागे स्वतःची खाण होती, नदीवरील घाट होता, वखार होती, ज्या बँकेत त्यांचा शब्द चाले अशी बँक होती, नातवापाशी आगबोटी होत्या, आणि त्यांत जाळायचा कोळसा त्याला बाजारातून विकत घ्यावा लागत होता.